माटोळीची चौकट, अबोलीच्या फात्या: फुलांचे मिश्रमाध्यम चित्र आणि त्याची हाताने घडवलेली फ्रेम

या लेखात घडवायचे चित्र ३०० × ४०० मिलिमीटरचे, उभे आहे. वरून खाली लोंबणाऱ्या अबोलीच्या तीन फात्या (गुंफलेल्या माळा), त्यांच्या मागे दाबून वाळवलेला नेचा आणि बोगनवेल, मधूनमधून खरी वाळलेली बकुळ, आणि खालच्या कोपऱ्यात कुणबी साडीच्या चौकड्याच्या कापडाची एक मोठी जास्वंद. भोवती ६० मिमी रुंदीची लाकडी चौकट. तिच्यावर आंब्याची पाने, सुपारीचा घड, नारळ असा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) माटोळीतला ऐवज कागदाच्या लगद्यातून उठवलेला, खाली कावेचा (गेरूचा) तांबडा रंग आणि उंचवट्यांवर सोनेरी वर्ख.

माटोळी निवडण्याचे कारण सरळ आहे. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती माटोळी मुळात एक लाकडी चौकटच. फळे, फुले, रानातला माल सगळा तिला टांगलेला असतो. इथेही फात्या चौकटीच्या वरच्या पट्टीला बांधल्यासारख्या दिसायला हव्यात. म्हणजे चौकट आणि चित्र एकाच दिवशी, एकाच कागदावर आखावे लागते. आधी चित्र पूर्ण करून मग फ्रेम शोधायला निघाले की हमखास एकच गोष्ट होते: फुले उंच आणि फ्रेमची खाच उथळ, त्यामुळे काच पाकळ्यांवर टेकते. टेकलेल्या काचेवर पावसाळ्यात आतून दव धरते आणि वर्षभरात तिथे काळे ठिपके दिसू लागतात.

गोव्याची हवा हा या कामातला भागीदारच समजावा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्या. चवथीच्या आधी, श्रावणात ते करावेसे वाटते हे समजण्यासारखे आहे. पण तेव्हा लगदा आठ-आठ दिवस वाळत नाही, चपड्याचे (लाखेचे) पॉलिश पांढरे पडते आणि लाकूड ओल पिऊन फुगलेले असते. एकूण चार ते पाच आठवडे धरा. त्यातला हातांचा वेळ फार तर आठ-दहा दिवसांचा, बाकी सगळे वाळणे.

मापे

मापांचा हिशेब आतून बाहेर करायचा. चित्राची फळी ३०० × ४०० मिमी. ती खाचेत सैल बसावी म्हणून सगळीकडून दीड मिमी सूट, म्हणजे खाचेचे माप ३०३ × ४०३. खाच ८ मिमी रुंद, त्यामुळे समोरून दिसणारी मोकळी जागा २८७ × ३८७. पट्टी ६० मिमी रुंद असल्याने चौकटीचे बाहेरचे माप ४०७ × ५०७ येते. चारही बाजू मिळून १८२८ मिमी. काप आणि चुकांसाठी धरून सात फुटांची सलग पट्टी पुरते.

खोलीचा हिशेब यापेक्षा महत्त्वाचा. समोरून मागे: काच २ मिमी, काच आणि फळी लांब ठेवणारी अंतरपट्टी २० मिमी, चित्राची फळी ६ मिमी, तिच्या मागे हवेची पोकळी ८ मिमी. एकूण ३६ मिमी खोल खाच लागते. फुले काचेपासून किमान ५ मिमी लांब हवीत, म्हणून सगळ्यांत उंच पाकळीसुद्धा फळीपासून १५ मिमीच्या वर जाता कामा नये. पुठ्ठ्याचा १५ मिमी उंचीचा तुकडा कापून कामाच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येक फूल चिकटवल्यावर शेजारी उभा करून पाहा.

फळीच्या चारही कडांना ८ मिमी जागा मोकळी सोडा. तिथे अंतरपट्टी बसणार आणि ती चौकटीच्या ओठाखाली, म्हणजे खाचेपुढे आलेल्या कडेखाली, झाकली जाणार.

लाकूड

चौकटीसाठी जुने, मुरलेले सागवान सर्वांत चांगले. मोडक्या दाराखिडक्यांचे सागवान सुताराकडे मिळाले तर नव्यापेक्षा तेच घ्या. त्याची हालचाल केव्हाच होऊन गेलेली असते. फणसाचे लाकूडही चालते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको. कोरड्या गावात ते ठीक, इथे दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा बिस्किटासारख्या फुगतात. चित्राच्या फळीसाठी ६ मिमीचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लायवूड, म्हणजे आयएस ७१० शिक्का असलेला, घ्या. मागच्या झाकणासाठी त्याच जातीचा ४ मिमीचा पुरे.

राउटर (खाच पाडायचे यंत्र) नसेल तर खाच कोरत बसू नका, दोन पट्ट्या जोडून ती तयार करा. पुढची पट्टी ६० × १० मिमी, मागची ५२ × ३६ मिमी. दोन्हींच्या बाहेरच्या कडा जुळवून चिकटवल्या की आतल्या बाजूला आपोआप ८ मिमीची पायरी उरते. जलरोधक फेव्हिकॉल लावा, दर १५० मिमीवर शिकंजा आवळा, रात्रभर ठेवा. मगच ४५ अंशांचे काप घ्या. आधी काप घेऊन नंतर पट्ट्या जोडल्या तर कोपरे कधीच जुळत नाहीत.

कापताना समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून नखाने टोके तपासा. अर्ध्या मिमीचा फरकही चौथ्या कोपऱ्यात फट होऊन बाहेर पडतो. जोडल्यावर चौकट काटकोनात आहे का हे गुण्याने पाहाच, पण दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे असले म्हणजे चौकट खरी. प्रत्येक कोपऱ्यात बाहेरून दोन खिळे ठोका, पितळी किंवा स्टेनलेस. समुद्राकाठच्या हवेत लोखंडी खिळ्याचा गंज दोन वर्षांत जेसोतून (रंगाखालच्या पांढऱ्या लेपातून) तांबड्या डागासारखा वर येतो आणि मग कितीही रंग दिला तरी झाकत नाही.

कोपऱ्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नक्षी तडकण्याचे मूळ तिथे आहे. लाकूड ओलीने रुंदीत फुगते आणि आटते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात जोडलेली चौकट जानेवारीत आटली की कोपऱ्याचा सांधा आतल्या टोकाला उघडतो. उलट कोरड्या दिवसांत जोडलेली जुलैत फुगली तर बाहेरच्या टोकाला. सांध्यावर आडवी बसवलेली कडक नक्षी या हालचालीत तुटणारच. म्हणून कोरड्या महिन्यांत जोडा, जोडल्यावर दहा दिवस घरातच पडू द्या, आणि कोपऱ्यावरचा नारळ दोन्ही पट्ट्यांवर चिकटवू नका. तो एकाच पट्टीला चिकटवा. दुसऱ्या पट्टीवर तो नुसता टेकलेला राहू द्या.

फुले: काय दाबावे, काय घडवावे

फुले चौकटीच्याही आधी गोळा करायला घ्या, कारण त्यांना सर्वांत जास्त दिवस लागतात. सकाळी दहाच्या सुमारास, दव पूर्ण उडाल्यावर तोडा. बाजारातून घेतलेली फुले पाणी मारलेली असतात. ती पंख्याखाली तासभर पसरून मगच दाबा.

नेचा आणि बोगनवेल दाबायला सर्वांत सोपे. बोगनवेलीचे जे रंगीत असते ते फूल नव्हेच, पानासारखा कागदी भाग आहे. त्यात पाणी कमी, म्हणून ते आठवड्यात वाळते. टिपकागद किंवा जुन्या वर्तमानपत्राची पाने घ्या, चकचकीत मासिकाची नकोत. वर पाच-सहा किलो वजन. पहिले चार दिवस रोज कागद बदला; कागद न बदलणे हेच पाकळ्या तपकिरी पडण्याचे मुख्य कारण. नंतर दोन-तीन दिवसांनी एकदा. दहा ते पंधरा दिवसांत पाकळी कडक, हलकी आणि गालाला लावल्यावर थंड न लागणारी झाली की ती वाळली. थंड लागते तोवर आत पाणी आहे.

जास्वंद दाबायच्या फंदात पडू नका. पाकळी बुळबुळीत, रस कागदाला चिकटतो, लाल रंग जांभळा होतो. म्हणून ती कापडाची करायची. मोगरा, जाई, जुई दाबली की पिवळसर तपकिरी पडतात; पांढरे हवेच असेल तर कागदातून कापा. अबोली दाबता येते, पण तिचा रंग उजेडात टिकत नाही आणि फातीला लागणारा उठाव दाबलेल्या फुलाला येत नाही. ती घडवायची.

बकुळ मात्र खरीच वापरा. ताटात पसरून सावलीत वाळवली की तिची चांदणी तशीच राहते आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. वाळलेली बकुळ हाताळताना देठाकडून धरा, चांदणीची टोके लगेच मोडतात.

सगळा वाळलेला माल चित्रावर जाण्याआधी बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. वाळलेल्या फुलांत बारीक भुंगे आणि त्यांची अंडी असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच ठेवा, नाहीतर थंड पाकळ्यांवर दव धरते आणि पंधरा दिवसांचे वाळवणे वाया जाते.

पिंपळाच्या पानांची जाळी हवी असेल तर पाने बादलीत पाण्यात तीन ते चार आठवडे भिजवा, पाणी आठवड्याने बदला, आणि गर सुटला की मऊ टूथब्रशने पाठीकडून हलक्या हाताने काढा. वास येतो, बादली परसात ठेवा.

गोव्याच्या जुन्या घरांतल्या खिडक्यांचे पातळ शिंपले पाकळ्यांसाठी मोहात पाडतात. तो शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. नवे शिंपले विकत घेऊ नका, किनाऱ्यावरून गोळाही करू नका. जाड ट्रेसिंग पेपरवर मोतिया रंगाचा पातळ हात दिला की तोच दुधी उजेड मिळतो.

अबोलीची माती

घरी होणारी ही माती १२० ग्रॅम पांढरा फेव्हिकॉल, ६० ग्रॅम कॉर्नफ्लॉर, एक चमचा बेबी ऑइल आणि एक चमचा व्हिनेगर अशी. इथल्या हवेसाठी लवंगेच्या तेलाचे सहा-सात थेंब घाला, बुरशीला आळा बसतो. स्वयंपाकाला न वापरण्याच्या जुन्या नॉनस्टिक भांड्यात, अगदी मंद आचेवर सतत ढवळा. आधी गुठळ्या होतात, मग कडा सुटू लागतात. चार ते सहा मिनिटांत गोळा भांड्याचा तळ सोडतो. त्या क्षणी आच बंद. अर्धा मिनिट उशीर झाला तरी माती रबरासारखी होते आणि पाकळीची कड पातळ निघत नाही. लवकर उतरवली तर हाताला चिकटत राहते. तशी झाली तर पुन्हा मिनिटभर आचेवर धरता येते, जास्त शिजलेली मात्र दुरुस्त होत नाही. हाताला थोडे तेल लावून कोमट असतानाच मळा, प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळा, रात्रभर ठेवा.

रंग मळतानाच घाला आणि त्याबरोबर पांढरा ॲक्रिलिक रंग अवश्य घाला. पांढरा नसेल तर वाळल्यावर माती मेणासारखी पारदर्शक होते. वाळताना रंग गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा दोन छटा फिका ठेवा. अबोलीचा रंग नुसता नारिंगी नाही. नारिंगीत किंचित गुलाबी मिसळल्याशिवाय तो झेंडूकडे झुकतो. माती वाळताना आकारानेही लहान होते, साधारण दहावा हिस्सा तरी. २० मिमीचे फूल हवे तर २२-२३ मिमीचे करा.

आता फुलाकडे नीट पाहा. अबोलीला गोल पाच पाकळ्या नसतात. पातळ नळी वर येते आणि तिच्या टोकाशी पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला, उघडलेल्या पंख्यासारख्या पसरतात. वरची बाजू मोकळी. पंख्याच्या मुठीशी, नळीच्या तोंडाला, पिवळट ठिपका. बहुतेकांच्या हातून इथेच चूक होते, गोल फूल होते आणि मग ते काहीही दिसते, अबोली दिसत नाही. वाटाण्याएवढी गोळी घ्या, तिचा लांबट थेंबासारखा शंकू करा, जाड टोकाला एका बाजूने अर्ध्यापर्यंत कात्रीने चार काप द्या. पाच जीभा सुटतील. त्या तळहातावर ठेवून गोल टोकाच्या काडीने एकेक दाबत पसरा, कडेला मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका. मधली जीभ थोडी मोठी, कडेच्या दोन थोड्या मागे वळलेल्या. अशी साठ-पासष्ट फुले लागतील, तीन फात्यांना. सगळी सारखी करू नका, काही अर्धी मिटलेली असू द्या.

वाळवताना उन्हात ठेवू नका, कडा वळून तडकतात. सावलीत, जाळीवर, दोन ते तीन दिवस.

फाती गुंफलेली दिसण्यासाठी फुले एकमेकांवर कौलांसारखी चढवत जा: वरच्याची नळी खालच्याच्या पंख्याआड. फातीच्या मध्यातून केळीच्या दोऱ्याचा किंवा सुताचा तुकडा एखाद-दोन ठिकाणी डोकावू द्या. बाजारातल्या फातीत तो दिसतोच.

कापडाची जास्वंद

कुणबी साडीच्या जुन्या तुकड्याला आधी धुऊन, इस्त्री करून, फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यात बुडवा, निथळा आणि तिरपा ताणून दोरीवर टाका. पाकळ्या कापडाच्या तिरक्यावर कापा. सरळ कापल्या तर चौकड्याच्या रेषा पाकळीवर जाळीसारख्या उभ्या-आडव्या दिसतात. तिरक्यावर कापल्या की त्या देठाकडून कडेकडे धावतात आणि शिरांचे काम करतात. तिरका काप वळवायलाही सोपा. ७० मिमी लांबीच्या पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या मुळाशी एक चूण. पुंकेसराची दांडी तारेवर सुती दोरा गुंडाळून, टोकाला मोहरीचे दाणे चिकटवून पिवळ्या रंगात बुडवा. ही दांडी फुलाच्या बाहेर झेपावते हे जास्वंदीचे वैशिष्ट्य, पण १५ मिमीचा पुठ्ठा विसरू नका: दांडी काचेकडे न्यायची नाही, फळीला समांतर वळवायची.

फळी आणि मांडणी

प्लायवूडच्या दोन्ही बाजू आणि चारही कडा सारख्याच वेळा सील करा. फक्त पुढच्या बाजूला रंग दिला तर मागून ओल शिरते आणि फळी वाकते. दोन्हीकडे ॲक्रिलिक जेसोचे तीन हात, दोन हातांमध्ये चार तास, शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर.

मागच्या पोकळीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बसणार आहेत. त्यांचा परिणाम फुलांपर्यंत पोचावा म्हणून फळीच्या चार कोपऱ्यांत ५ मिमीची चार भोके पाडा, कडेपासून २५ मिमी आत. त्यांच्यावर नेच्याचे पान येईल अशी मांडणी करा. पान भोकावर चिकटवू नका, बाजूला चिकटवून वरून झाकू द्या. भोकांच्या आतल्या कडांनाही जेसो लागलाच पाहिजे.

पार्श्वभूमी गडद ठेवा. समुद्री हिरवा किंवा जुन्या देवळाच्या गाभाऱ्यातला धुरकट काळा-तपकिरी, अबोली त्यावर पेटते. फिक्या पार्श्वभूमीवर दाबलेला नेचा छान दिसतो पण फात्या मरतात, आणि या चित्रात फात्या मुख्य आहेत. रंग ओला असताना टिश्यू पेपरचे चुरगळलेले तुकडे काही ठिकाणी बसवून वरून कोरड्या ब्रशने फिकट छटा ओढा, भिंतीचा पोत येतो.

सगळे आधी न चिकटवता मांडा, मोबाइलवर फोटो काढा, मग उचला. चिकटवण्याचा क्रम मागून पुढे: दाबलेली पाने, बोगनवेल, फात्या, बकुळ, शेवटी जास्वंद. दाबलेल्या पानाच्या संपूर्ण पाठीला गोंद फासू नका. पान आणि फळी वेगवेगळ्या गतीने हलतात, पान सुरकुतते. मधल्या शिरेवर थोडे पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे चार-पाच ठिपके पुरतात. दाबलेल्या फुलांचा रंग उजेडात फिका होतोच, म्हणून बोगनवेलीवर तिच्याच रंगाचा अतिशय पातळ ॲक्रिलिक हात द्या. पुढे खरा रंग गेला तरी हा राहील.

फात्यांची वरची टोके मोकळ्या जागेच्या वरच्या कडेपाशी, ओठाखाली जाऊ द्या. चौकटीवर बरोबर त्याच तीन जागी सुपारीचे घड येतील. आखणीच्या कागदावर या तीन जागा सुरुवातीलाच खुणावलेल्या हव्यात.

लगद्याची नक्षी

वर्तमानपत्राची पाच-सहा मोठी पाने, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, बोटभर तुकडे करून गरम पाण्यात २४ तास भिजवा. जुन्या मिक्सरमध्ये भरपूर पाण्यासह थोडे थोडे फिरवा, कापडात घालून पिळा. २०० ग्रॅमच्या आसपास ओला लगदा मिळेल. त्यात १२० ग्रॅम खडूची पूड, ९० ग्रॅम फेव्हिकॉल, एक चमचा जवसाचे तेल, लवंगेच्या तेलाचे दहा थेंब. चपातीच्या पिठासारखे मळा. करंगळीएवढी वळी करून वाकवा: भेगा पडल्या तर फेव्हिकॉल कमी आहे, हाताला चिकटली तर पूड कमी. लगदा बारीक फिरवलेला नसेल तर पानांच्या शिरा उठत नाहीत, म्हणून मिक्सरला आळस नको. काही जण बुरशीसाठी मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात मुले असतील तर लांबच ठेवा.

आंब्याचे पान एकच नीट घडवा, मग सिलिकॉन पुटीचा साचा घ्या. दोन्ही भाग समप्रमाणात मिनिटभर मळून पानावर दाबले की थोड्या वेळात साचा बसतो. पाकिटावर लिहिलेली वेळ पाळा. साच्यात कॉर्नफ्लॉरची चिमूट भुरभुरून लगदा दाबा. पाने ५ ते ६ मिमी जाड, नारळ १२ मिमीपर्यंत. घडासाठी सुपाऱ्या छोट्या गोळ्यांच्या हातानेच वळा. साच्यातल्या एकसारख्या सुपाऱ्या मण्यांसारख्या दिसतात.

पूर्ण वाळवून मग चिकटवू नका. अर्धवट वाळलेला, हाताला गार पण न चिकटणारा असताना तुकडा चौकटीवर बसवा, म्हणजे तो आटताना लाकडाच्या सपाटीला धरून आटतो. लाकूड आधी करवतीच्या दात्यांनी ओरखाडून घ्या. मागे ओल्या लगद्यात फेव्हिकॉल मिसळून पातळ थर, वरून दाब. नारळासारख्या जाड तुकड्याला लाकडात दोन छोटे पितळी खिळे अर्धे ठोकून त्यांवर बसवा. आता वाळायला डिसेंबरात तीन दिवस. उन्हात नको. कडा उचललेल्या दिसल्या तर काळजी करू नका, फटीत तोच लगदा पातळ करून भरा.

आतल्या कडेने १२ मिमीची पट्टी नक्षीविना सपाट सोडा. तिथे कावी येईल.

काव, ओरखडा आणि वर्ख

गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे आहेत: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर आणि तो ओला असतानाच टोचणीने खरवडून काढलेली पांढरी रेघ. चौकटीवर चुना पेलत नाही, पण तत्त्व तेच ठेवता येते. १०० ग्रॅम खडूची पूड, ४० ग्रॅम फेव्हिकॉल, ४० मिलि पाणी यांचा मलईसारखा लेप सपाट पट्टीवर चार पातळ हात द्या, प्रत्येक वाळल्यावर पुढचा, शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर. एका जाड हाताने काम उरकले तर दुसऱ्याच दिवशी चिखलासारख्या भेगा पडतात. वरून काव: रंगाच्या दुकानातली गेरूची पूड, एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाण्यात. चमक गेली पण थर अजून मऊ आहे, तेवढ्यात दाभणाने वेल ओढा. हा वेळ थोडा असतो, म्हणून एका वेळी वीतभर लांबीच रंगवा. वाळल्यावर ओरखडले तर रेघेच्या कडा दातेरी सुटतात. फार ओल्यात ओरखडले तर काव रेघेत परत वाहते.

नक्षीच्या भागालाही हाच पांढरा लेप दोन पातळ हात आणि वरून कावेचे दोन हात. सोनेरी वर्खाखाली तांबडे असले की वर्ख उबदार दिसतो आणि घासून जिथे विरतो तिथे तांबडे डोकावते. तेच हवे असते.

वर्ख नकली घ्या, तांबे-जस्ताचा, १४० × १४० मिमीच्या पानांचा. या चौकटीला पाच-सहा पाने पुरतात. कावेवर आधी चपड्याचा एक हात, नाहीतर गोंद लाकडापर्यंत शोषला जातो. मग वर्खाचा पाण्यातला गोंद फक्त उंचवट्यांवर, बोटाने टिपत. दुधाळ गोंद पारदर्शक होऊन बोटाला ओढ लागली, साधारण १५ ते २० मिनिटांनी, की पंखा बंद करा आणि वर्खाचे तुकडे ठेवून मऊ ब्रशने बसवा. सुती हातमोजे घाला. घामाचे ठसे नकली वर्खावर नंतर हिरवे उमटतात. दुसऱ्या दिवशी कोरड्या ब्रशने सुटे कण झाडा.

नकली वर्ख खाऱ्या हवेत उघडा राहिला तर काळवंडतो, म्हणून सील करणे ऐच्छिक नाही. चपड्याचे पॉलिश दुपारी, कोरड्या दिवशी, दोन पातळ हात. हवा दमट असताना दिले तर ते ढगाळ पांढरे पडते. असे झालेच तर कोरड्या दुपारी स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याचा एकच हलका हात फिरवा, पांढरेपणा बहुधा विरतो. चपड्यावर ॲक्रिलिक मॅट व्हार्निशचा एक हात.

बंद करणे आणि टांगणे

काच आतून स्पिरिटने पुसा, खाचेत ठेवा. ५ मिमी जाड, २० मिमी उंच लाकडी अंतरपट्ट्या चारही बाजूंना. त्यांनाही आधी पार्श्वभूमीचा रंग द्या, कारण बाजूने पाहिले की त्या दिसतात. मग फळी. फळीच्या मागे कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर ८ मिमीचे लाकडी ठोकळे, म्हणजे झाकण बसल्यावर फळी हलणार नाही. पोकळीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या चार चपट्या पुड्या टेपने चिकटवा. झाकण ३९५ × ४९५ मिमी, दोन्ही बाजूंनी व्हार्निश केलेले, पितळी किंवा स्टेनलेस स्क्रूंनी. खिळे नकोत, कारण ते दर वर्षी उघडायचे आहे. झाकणाची कड ॲल्युमिनियम टेपने बंद करा. हे सगळे पावसाळ्यात करू नका, नाहीतर दमट हवाच आत कोंडली जाते.

चौकटीचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते. मागे वरून एक तृतीयांशावर दोन कड्या, स्टेनलेस तार, आणि भिंतीत दोन हुक. चिऱ्याची भिंत भुसभुशीत असते, भोक दरजेत न पाडता चिऱ्यात पाडा, ५० मिमीचा प्लग घ्या. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, हे चित्र टांगू नका. आतली भिंत निवडा. मागे खालच्या दोन कोपऱ्यांत रबराचे ५ मिमीचे तुकडे लावले की भिंत आणि चौकटीमध्ये हवा खेळते.

ऑक्टोबरात पाऊस सरला की झाकण उघडा. सिलिकाचे दाणे रंग बदललेले असतील तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर मूळ रंग येईपर्यंत तापवा आणि गार होताच परत बसवा. नक्षीवर कुठे पांढरी बुरशी दिसली तर ॲक्रिलिक थरावर कापसाच्या बोळ्याने सर्जिकल स्पिरिट टिपा, पण वर्खाजवळ, चपडा आहे तिथे, कोरडाच ब्रश वापरा; स्पिरिट चपडा विरघळवते. कोपऱ्यातल्या नारळाची मोकळी बाजू नखाने तपासा. ती अजूनही सुटी सरकत असेल, तर चौकट श्वास घेते आहे.